बहिरी ससाणा बहिरा नसतो: टोपी, वादी आणि घुंगरांची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाईड मॅडमना दहा पानांचं एक टिपण दिलं होतं. मुघल आणि दख्खनी चित्रांत राजाच्या हातावर बसलेले शिकारी पक्षी, असा विषय. त्यात एका ठिकाणी मी अगदी ठामपणे लिहिलं होतं की 'बहिरी ससाणा' हे नाव या पक्ष्याला ऐकू कमी येतं अशा लोकसमजुतीवरून पडलं असावं. टिपण परत आलं तेव्हा त्या ओळीशेजारी पेन्सिलने एकच शब्द होता: 'बह्र?'

अरबीत बह्र म्हणजे समुद्र. बहरीन या देशाच्या नावात तोच शब्द आहे. बह्री म्हणजे समुद्राकडचा. फारसी-हिंदुस्तानीतून हा शब्द आपल्याकडे आला, मराठी जिभेवर त्याचा 'बहिरी' झाला आणि माझ्यासारखीने पुढे त्या बिचाऱ्या पक्ष्याला कानाने अधू करून टाकलं. 'ससाणा' मात्र इकडचाच. अमरकोशात श्येनाला 'शशादन' असंही नाव आहे, म्हणजे ससे खाणारा. तेव्हा 'बहिरी ससाणा' या दोन शब्दांत एक अरबी समुद्रावरून आलेला आणि एक संस्कृत कोशातला, असे दोघं शेजारी बसलेत.

त्या एका शब्दाने माझा विषयच फिरला. तोवर मी राजांकडे बघत होते, नंतर पक्ष्याच्या अंगावरच्या वस्तूंकडे बघायला लागले. डोक्यावरची टोपी, पायातल्या कातडी वाद्या, घुंगरू, राजाचा हातमोजा, खोगिराला लटकवलेला छोटा नगारा. शिकारी पक्ष्यांचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक राजांच्या शौकाचा इतिहास असतो. वस्तूंपासून सुरुवात केली की वेगळीच माणसं दिसायला लागतात. ती कशी, ते सांगते.

आधी थोडी पूर्वतयारी. शिकारी पक्षी पाळीव नसतो. कुत्र्यासारखा तो माणसाच्या मायेने परत येत नाही. तो रानातला असतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. भूक, सवय आणि भीती कमी होणं, एवढ्याच गोष्टींवर तो हातावर परततो. म्हणून या धंद्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या तरी भीतीवरचा किंवा अपघातावरचा उपाय आहे. पायाला वादी का, तर हातावरून दचकून उडाला तर हरवू नये. वादी आणि दोरीच्या मध्ये फिरती कडी का, तर पक्षी गरगर फिरला तर दोरीला पीळ बसून पाय अडकू नये. हातमोजा का, ते नखं पाहिली की कळतं.

पारंपरिक जाणकार या पक्ष्यांचे दोन गट करत: काळ्या डोळ्यांचे आणि पिवळ्या डोळ्यांचे. बहिरी, शाहीन, लग्गड, तुरुमती हे काळ्या डोळ्यांचे, लांब पंखांचे, मोकळ्या आभाळात झडप घालणारे. बाज, बाशा, शिकरा हे पिवळ्या डोळ्यांचे, झाडीतून सुसाट जाऊन सावज पकडणारे. हिंदुस्तानात दुसऱ्या गटाला 'गुलाबचश्म' म्हणत. पिवळ्या डोळ्याला गुलाब का म्हणायचं, यावर माझी एक संध्याकाळ गेली आहे आणि हाती काही लागलेलं नाही. पण ही विभागणी लक्षात ठेवा. टोपी प्रामुख्याने काळ्या डोळ्यांच्या पक्ष्यांना घालतात, त्यामुळे चित्रात टोपी दिसली की पक्षी ओळखायलाही मदत होते.

आता टोपी. माझ्या मते या सगळ्या साहित्यातली सर्वात हुशार वस्तू हीच.

या पक्ष्यांचं सगळं जग डोळ्यांत असतं. डोळे झाकले की पक्षी शांत होतो, जणू रात्र झाली. नवा पकडलेला पक्षी माणूस, कुत्रा, घोडा, पागोटं, काहीही पाहून जिवाच्या आकांताने फडफडतो, पिसं मोडून घेतो. टोपी घातली की तो स्थिर बसतो. टोपी डोळ्यांना टेकता कामा नये, चोचीला मोकळीक हवी आणि उजेडाची फटही नको. मागच्या बाजूला दोन बारीक वाद्या असतात, त्या ओढल्या की टोपी घट्ट किंवा सैल होते. एका हातावर पक्षी बसलेला असतो, म्हणून एक वादी मोकळ्या हाताने आणि दुसरी दाताने ओढायची. या कामाचं वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ग्रंथालयात हसू आलं होतं. बादशहाच्या चित्रात हे कधी दिसत नाही, कारण बादशहा दाताने वाद्या ओढताना स्वतःचं चित्र काढून घेत नाही. ते काम शेजारी उभ्या असलेल्या, नाव नसलेल्या माणसाचं.

टोपी नसेल तर? त्याचं उत्तर ऐकायला बरं नाही. पक्ष्याच्या खालच्या पापण्यांतून दोरा ओवून डोळे मिटवून टाकत आणि पक्षी माणसाळेल तसा दोरा हळूहळू सैल करत. युरोपातही हे चालत होतं, हिंदुस्तानातही.

युरोपात टोपी कशी पोचली याचा पुरावा एका सम्राटानेच ठेवलाय. दुसरा फ्रेडरिक (1194–1250), सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट. त्याने लॅटिनमध्ये पक्ष्यांच्या साहाय्याने शिकार करण्याच्या कलेवर मोठा ग्रंथ लिहिला. 1228–29च्या धर्मयुद्धात तो पूर्वेला गेला होता. टोपी ही पूर्वेकडच्या लोकांची युक्ती आहे, अरबांना ती वापरताना आपण पाहिली, अरबस्तानातून जाणकार बोलावले आणि त्यांच्याकडून शिकलो, असं तो सरळ सांगतो. वर आपण त्यात काय सुधारणा केली तेही नोंदवतो: हवा खेळावी म्हणून टोपीला छिद्र पाडलं. पक्ष्यांवरचा एक अरबी ग्रंथ त्याच्या दरबारात अंतिओकच्या थिओडोरने लॅटिनमध्ये आणला आणि 1240–41मध्ये फाएन्झा शहराला वेढा घालून बसलेला असताना सम्राट त्या भाषांतराच्या दुरुस्त्या करत होता. (पीएचडीचं काम करायला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवावी. मी लावली आहे, उपयोग झालेला नाही.)

इथेच मी दुसरी चूक केली होती. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं: टोपी आली आणि पापण्या शिवण्याची क्रूर पद्धत बंद पडली. वाक्य छान होतं, खोटं होतं. फ्रेडरिक स्वतःच नव्या पक्ष्याचे डोळे आधी शिवायला सांगतो, टोपी त्यानंतरची. गिधाडं मेलेलं जनावर वासाने शोधतात की नजरेने, हे पाहायला त्याने गिधाडांचे डोळे शिवून प्रयोगही केला. ती शिवलेल्या डोळ्यांनी मांस शोधू शकली नाहीत. म्हणजे टोपी वापरणारा माणूस आणि पापण्या शिवणारा माणूस एकच होता. हिंदुस्तानात तर दोन्ही पद्धती विसाव्या शतकापर्यंत शेजारी शेजारी राहिल्या. नवी वस्तू आली की जुनी पद्धत गेली, असं गृहीत धरायची आपल्याला फार सवय असते. मूळ ग्रंथ पुढे वाचला की ती मोडते.

नावांचं पाहा. अरबीत या टोपीला 'बुर्कु' म्हणतात, आपला 'बुरखा' तोच. हिंदुस्तानीत ती साधी 'टोपी'. कझाक-किरगीझ लोक गरुडाने शिकार करतात, त्यांच्याकडे 'तोमागा'. पक्षी बसवायच्या दांड्याला हिंदुस्तानीत 'अड्डा' म्हणत. चहाच्या टपरीवर तुम्ही जो जमवता तो हाच शब्द, फक्त तिथे बसणारे उडून जात नाहीत.

शब्दांवरून काळाबद्दलही काही सांगता येतं. 'पक्ष्यांनी शिकार करणं मुघलांनी इकडे आणलं' असं विधान मी सेमिनारमध्ये दोनदा ऐकलंय. ते टिकत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोद आहे. हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना ओळखीचा, कारण त्यातल्या गाण्यांत जुन्या मराठीचे नमुने सापडतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत तो श्रीगोंदेकरांनी संपादित केला. म्हणजे बाबरापूर्वी चारशे वर्षं दख्खनमध्ये राजे ससाणे उडवत होते.

पण लगेच उलट्या टोकाला जाऊन 'हे सगळं आपलंच' असंही म्हणता येत नाही. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने सोळाव्या शतकात 'श्यैनिकशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. हरप्रसाद शास्त्रींनी तो 1910मध्ये कलकत्त्याहून भाषांतरासह छापला. नाव संस्कृत, श्लोक संस्कृत, आणि आत पक्ष्याचं नाव 'वाज'. हा फारसी 'बाज' आहे, 'ब'चा 'व' करून संस्कृतात बसवलेला. 'बाशा'चा तसाच 'वासा'. पक्षी हाताळणारी माणसं रोज जी भाषा बोलत होती ती राजाच्या श्लोकात अशी झिरपलेली आहे. फक्त अनुक्रमणिका वाचून हे दिसत नाही. मी आधी फक्त अनुक्रमणिकाच वाचली होती.

घुंगरांचा मुद्दा थोडक्यात सांगते. सावज पकडल्यावर ससाणा उंच गवतात बसून ते खातो, बाहेरून दिसत नाही. पायातलं घुंगरू वाजतं आणि माणूस तिथवर पोचतो. बाज झाडावर बसला की शेपूट हलवतो, म्हणून त्याचं घुंगरू बऱ्याचदा शेपटीला बांधतात. 1486मध्ये इंग्लंडात छापलेल्या सेंट अल्बन्सच्या पुस्तकात दोन घुंगरांच्या सुरांत अर्ध्या स्वराचं अंतर ठेवा असं सांगितलंय. दोन बेसूर आवाज एकत्र आले की ते लांबून वेगळे ऐकू येतात. तेव्हा मिलानच्या घुंगरांचं नाव होतं, पुढे लाहोरच्या घुंगरांचं झालं. आता त्यांच्या जोडीला रेडिओ ट्रान्समीटर आलाय.

धातूबद्दल एक गोष्ट मात्र विसरू नका. कातडं कुजतं, धातू टिकतो. इंग्लंडात शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना चांदीची छोटी कडी सापडतात. ती पक्ष्याच्या पायातल्या वाद्यांच्या टोकाला असत, त्यांवर मालकाचं नाव किंवा कुलचिन्ह कोरलेलं असे, पक्षी हरवला तर परत मिळावा म्हणून. संग्रहालयाच्या कॅटलॉगमध्ये त्यामुळे मालकांची नावं मिळतात. वादी कापणारा, टोपी शिवणारा, पक्ष्याला रात्र रात्र हातावर घेऊन जागणारा माणूस तिथे नाही. पुरावा असा आधीच चाळून आपल्यापर्यंत येतो, आणि चाळणी कोणाची होती हे कड्यावर लिहिलेलं नसतं.

आता चित्रांकडे येते, कारण माझी सर्वात जास्त नाचक्की इथेच झाली. पहिल्या सादरीकरणात मी एका शिकारचित्राची स्लाइड दाखवली आणि इथे पक्षी डाव्या हातावर आहे, हा युरोपीय प्रभाव, असा सिद्धांत मांडला. आधार असा की युरोपात पक्षी डाव्या हातावर घेतात, तर इराण, मध्य आशिया आणि हिंदुस्तानात साधारणपणे उजव्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं, कोपऱ्यातली अक्षरं वाच की." फारसी अक्षरं आरशात दिसावीत तशी होती. स्लाइड स्कॅन करताना उलटी लागली होती आणि माझा युरोपीय प्रभाव तिच्याबरोबर सुलटा झाला. तेव्हापासून चित्रात तलवार कुठल्या कुशीला आहे आणि अंगरख्याचे बंद कुठल्या बाजूला आहेत, हे आधी पाहते.

आणि चित्रात टोपी दिसत नाही म्हणून त्या काळी टोपी नव्हती, असंही म्हणता येत नाही. उडवण्याच्या क्षणी ती काढलेलीच असते. अकराव्या शतकातल्या बायूच्या भरतकामात हॅरल्ड पक्षी घेऊन घोड्यावर चाललाय, टोपी नाही. फ्रेडरिकच्या साक्षीशी हे जुळतं, म्हणून त्याला वजन येतं. नुसत्या भरतकामावर ते उभं राहिलं नसतं.

राहिली माणसं. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फझलने पक्ष्यांच्या खाण्याचा हिशोब दिलाय. बाजाला रोज सात दाम वजनाचं मांस, जुर्र्याला सहा दाम. दाम हे तांब्याचं नाणं साधारण 21 ग्रॅमचं, म्हणजे अंदाजे 147 आणि 126 ग्रॅम. मला आधी वाटलं, हे दोन वेगळे पक्षी. तसं नाही. बाज ही मादी आणि जुर्रा तिचाच नर. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी असते, म्हणून तिचा शिधा जास्त आणि नावही वेगळं. हा तपशील दरबारी लेखकाला स्वतः ठाऊक असेल असं मला वाटत नाही. रोज मांस तोलणाऱ्या कोणी तरी तो सांगितला असणार. हा माझा तर्क आहे, प्रबंधातही तो तर्क म्हणूनच जाणार आहे.

एका माणसाचं नाव मात्र मिळतं. 1619मध्ये इराणच्या शाह अब्बासने जहांगीराला एक शुंकार, म्हणजे उत्तरेकडचा मोठा ससाणा, भेट पाठवला. आणणारा होता परी बेग मीरशिकार. वाटेत मांजराने पक्ष्यावर झडप घातली. जखमी पक्षी दरबारात पोचला, आठवडाभरही जगला नाही. जहांगीराने आपल्या आठवणींत त्याच्या पिसांवरच्या काळ्या खुणांचं कौतुक लिहिलं आणि उस्ताद मन्सूरला त्याचं चित्र काढायला सांगितलं. परी बेगाचा उल्लेख येतो तो त्याच्या हलगर्जीपणासह. हजारो मैल, वाळवंट आणि डोंगर ओलांडून एका थंड प्रदेशातल्या पक्ष्याला जिवंत आणण्याचं कसब त्याच्याकडे असणारच. ते कोणी लिहिलं नाही. त्या मांजराने हल्ला केला नसता, तर कदाचित परी बेग नावाचा माणूस आपल्याला माहीतही झाला नसता.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्तानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हे शास्त्र इथल्या मीरशिकारांकडून शिकून घेतलं. हिंदुस्तानी टोपी कातड्याच्या एकाच तुकड्याची, हलकी. नेदरलँड्समधली तीन तुकड्यांची, लाकडी साच्यावर घडवलेली, वर पिसांचा तुरा असलेली. दोन्हींच्या संकरातून जी झाली ती आजही 'अँग्लो-इंडियन' टोपी म्हणून विकली जाते. लेफ्टनंट कर्नल फिलॉटने तैमूर मिर्झा या इराणी राजपुत्राचा 'बाजनामा' 1908मध्ये इंग्रजीत आणला. नेदरलँड्समधल्या वाल्केन्सवार्ड गावी टोप्या करणाऱ्या आणि पक्षी पकडणाऱ्या मोलेन कुटुंबाचं नाव इतिहासात नोंदलं गेलं. 'अँग्लो-इंडियन' या जोडशब्दातल्या दुसऱ्या अर्ध्या भागात कोण कोण होतं, त्यांची नावं मात्र त्या टोपीबरोबर आली नाहीत.

2010मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. 2016पासून पाकिस्तान त्या यादीत आहे, भारत नाही. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे पक्षी पकडायला आणि त्यांनी शिकार करायला बंदी आहे. पक्ष्यांच्या बाजूने मला हा कायदा योग्यच वाटतो. पण 'ही कला भारतात संपली' असं लिहायला मी गेले, तेव्हा मॅडमनी आणखी एकदा पेन्सिल उचलली. या वेळी लिहिलं होतं: 'मुंबई पाहिलीस का?'

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सलीम अलींच्या पुढाकाराने 1960च्या आसपास स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा मागोवा घ्यायचं मोठं काम सुरू केलं. कडी घालायची तर पक्षी आधी पकडायला हवा, आणि त्याचं एक पीसही मोडता कामा नये. हे कोणाला येत होतं? बिहारमधल्या मीरशिकारांना. अली हुसैन हे त्यातले सर्वात नावाजलेले. जाळी, फासे, पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल, पिढ्यान्‌पिढ्यांची ही विद्या त्यांनी सोसायटीच्या कामात आणली. मी सध्या या कामाबद्दलचे छापील अहवाल वाचते आहे, पुढचं प्रकरण त्यावरच आहे. पक्ष्याच्या पायात घालायच्या त्या ॲल्युमिनियमच्या कड्यावर एक क्रमांक असतो आणि पक्षी सापडल्यास मुंबईला सोसायटीकडे कळवा, अशी सूचना. कडं घालणाऱ्याचं नाव त्यावर मावत नाही, ते अहवालातल्या तक्त्यात शोधावं लागतं. मी तेच शोधते आहे.